शिक्षकाच्या हातातला संच : दिल्लीच्या सीसीआरटीची वाटचाल

मे १९७९मध्ये भारत सरकारने दिल्लीत सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र ही स्वायत्त संस्था स्थापन केली. हे लांबलचक नाव कागदोपत्रीच राहिले. शिक्षकवर्गात तिला सगळे ‘सीसीआरटी’ म्हणतात. दिल्लीतल्या सांस्कृतिक संस्था मोजायला बसलो की साहित्य अकादमी, संगीत नाटक अकादमी, राष्ट्रीय नाट्य विद्यालय ही नावे चटकन तोंडी येतात, सीसीआरटीचे येत नाही. तिथे ना साहित्यिकांचे सत्कार होतात, ना तिथल्या प्रयोगांची परीक्षणे छापून येतात. तिथे येतात ते शाळामास्तर आणि बाई. कोणी कोकणातल्या दोनशिक्षकी शाळेतून, कोणी ईशान्येकडून, कोणी दिल्लीतल्याच यमुनापारच्या सरकारी शाळेतून. वेगवेगळ्या भाषांच्या, धर्मांच्या, चालीरीतींच्या मुलांना एका वर्गात सांभाळणाऱ्या माणसाला थोडी मदत करावी, एवढेच या संस्थेचे काम. ती मदत कशी होती, कुठे कामी आली आणि कुठे तोकडी पडली, त्याची ही हकिगत.

संस्थेमागे दोन स्त्रिया होत्या. कमलादेवी चट्टोपाध्याय मंगळूरच्या सारस्वत कुटुंबातल्या. १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहात मुंबईत मिठाच्या पुड्या विकणाऱ्या म्हणून त्या आपल्या जुन्या पिढीला ठाऊक होत्या. फाळणीनंतर त्यांनी इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियन उभी केली आणि दिल्लीजवळच्या छतरपूरला व फरीदाबादला निर्वासितांच्या पुनर्वसनात स्वतःला झोकून दिले. आज राजधानी क्षेत्रातले मोठे औद्योगिक शहर असलेले फरीदाबाद वायव्य सरहद्द प्रांतातून उखडून आलेल्या लोकांनी आपल्या हातांनी बांधले, हे तिथल्या कारखान्यांत नोकरी केलेल्या आपल्या दिल्लीकर मराठी मंडळींपैकी अनेकांना आजही माहीत नसते. १९५२पासून कमलादेवी अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या अध्यक्ष होत्या. कुंभार, विणकर, बाहुल्या करणारे यांच्यात त्यांचे आयुष्य गेले. दुसऱ्या डॉ. कपिला वात्स्यायन. नृत्य आणि शिल्प यांच्या गाढ्या अभ्यासक, शिवाय शिक्षण मंत्रालयात वरिष्ठ अधिकारी. एकीला कारागीर ठाऊक, दुसरीला मंत्रालय. सरकारी संस्था जन्माला यायला आणि जगायला ही दोन्ही ज्ञाने लागतात, आणि ती एका माणसात क्वचितच असतात.

शाळांतून एकात्मता रुजवावी, हा विचार अर्थातच त्याआधीचा. १९६१मध्ये संपूर्णानंद यांच्या अध्यक्षतेखाली भावनिक एकात्मता समिती नेमली गेली. १९६४ ते ६६ या काळात कोठारी आयोगाने काम केले. त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे. श्रीमंतांची मुले एका शाळेत आणि गरिबांची दुसऱ्या शाळेत असतील तर एकात्मतेच्या गप्पा पोकळ ठरतात, म्हणून सर्वांची शाळा एकच असावी, अशी आयोगाची शिफारस होती. ती बासनात राहिली. दिल्लीत राहणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको; इथे मुलाच्या गणवेशावरून बापाचा पगार सांगता येतो. महाराष्ट्रात साने गुरुजींनी त्याच्याही आधी, प्रांताप्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात म्हणून आंतरभारतीचे स्वप्न मांडले होते. ११ जून १९५०ला ते गेले, आणि स्वप्नाची धुरा काही कार्यकर्त्यांनी आपल्या कुवतीप्रमाणे वाहिली. सीसीआरटी ही काही आंतरभारतीची सरकारी आवृत्ती नव्हे. पण तिच्या प्रशिक्षणवर्गात बसलेल्या मराठी शिक्षकाला गुरुजी आठवले नसतील, असे होणे कठीण.

सत्तरच्या दशकात दिल्ली विद्यापीठामार्फत शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांमध्ये संस्कृतीचा प्रसार करण्याची एक योजना चालत होती. सीसीआरटी तिच्याच पोटातून निघाली. त्याच सुमारास, १९७७मध्ये, दिल्लीच्या आयआयटीत प्रा. किरण सेठ यांनी ‘स्पिक मॅके’ सुरू केली. या दोन संस्था शेजारी ठेवून पाहाव्यात. स्पिक मॅकेने कलावंताला थेट विद्यार्थ्यासमोर नेऊन बसवले. सीसीआरटीने शिक्षकाला कलावंताकडे नेले. पहिल्या मार्गात चमक आहे. भीमसेन जोशींचा एक षड्ज ऐकलेला मुलगा तो जन्मभर विसरत नाही. दुसरा मार्ग संथ आणि अप्रसिद्ध. त्यामागचा हिशेब मात्र पक्का होता. कलावंत तासाभरात निघून जातो, शिक्षक पुढची पंचवीस-तीस वर्षे त्याच वर्गात असतो.

सुरुवातीचा पत्ता बहावलपूर हाऊस, भगवानदास मार्ग. मंडी हाऊसच्या चौकापासून चालत पाच मिनिटांवर. बहावलपूरचे संस्थान फाळणीत पाकिस्तानात गेले, नवाबाची दिल्लीतली हवेली इथे राहिली, आणि पुढे तिच्यात राष्ट्रीय नाट्य विद्यालय भरू लागले. तिथेच सीसीआरटीलाही जागा मिळाली. सहिष्णुतेचे धडे द्यायला निघालेल्या संस्थेला याहून बोलकी इमारत मिळाली नसती. पण तिथल्या फायलींत कोणी या योगायोगाची नोंद घेतली असेल असे वाटत नाही. सरकारी माणसाच्या लेखी इमारत म्हणजे चौरस फूट.

संस्थेचा मूळ उद्योग म्हणजे शिक्षकांचे उद्‌बोधन वर्ग. राज्यांच्या शिक्षण खात्यांना पत्र जाते, खाते शिक्षकांची नावे कळवते, मुख्याध्यापक त्यांना कार्यमुक्त करतात. प्रवासखर्च आणि राहण्याजेवण्याची सोय संस्थेची. मुख्य वर्ग साधारण तीन आठवड्यांचा असे. शिवाय ठरावीक विषयांच्या छोट्या कार्यशाळा: शिक्षणात बाहुल्यांचा उपयोग, नैसर्गिक व सांस्कृतिक वारसा जपण्यात शाळेचा वाटा, शालेय शिक्षणात हस्तकौशल्ये. सकाळी व्याख्याने, मग वस्तुसंग्रहालय किंवा एखादी जुनी वास्तू, दुपारी हाताने काहीतरी करणे, आणि रोज निरनिराळ्या भारतीय भाषांतली गाणी सामुदायिकपणे शिकणे. प्रत्येक राज्याच्या गटाने आपल्या प्रदेशाची ओळख करून द्यायची. शेवटी प्रत्येकाने आपल्या विषयाचा, म्हणजे गणिताचा असला तरी, संस्कृतीशी सांधा जोडणारा पाठ तयार करून द्यायचा.

कागदावर हे सगळे रुक्ष वाटते. प्रत्यक्षातला शिक्षणाचा भाग वेळापत्रकाबाहेरच घडत असणार. तीन आठवडे एकाच वसतिगृहात, एकाच पंगतीत. ज्याने आयुष्यात कधी परप्रांतीय माणसाशी रेल्वेच्या डब्याबाहेर संवाद केलेला नाही, त्याच्या शेजारच्या खाटेवर मणिपूरचा शिक्षक. कोणाला भात दोन्ही वेळा हवा, कोणाला पोळीशिवाय जेवल्यासारखे वाटत नाही. कोणी मासे नसले तर उदास, कोणी मासे दिसले तर. हिंदी दोघांचीही मोडकी, म्हणून भांडणाला पुरेसे शब्दच नाहीत. आपल्याकडच्या शिक्षकांना तर एक जास्तीचा धडा मिळतो. महाराष्ट्रात ‘बाहेरचे’ म्हणजे कोण हे आपण मनात ठरवलेले असते. दिल्लीत पाऊल ठेवल्याबरोबर बाहेरचे आपणच होतो. दिल्लीकर मराठी माणसाला ही अवस्था अंगवळणी पडलेली असते. सांगली-परभणीच्या शिक्षकाला ती तीन आठवडे अनुभवायला मिळते, आणि परत गेल्यावर वीटभट्टीवरच्या बिहारी मजुराचा मुलगा वर्गात आला की ती कामी येते.

बाहुल्यांच्या कार्यशाळेचे मला विशेष वाटते. हातमोजा, काठी, सूत्र आणि छाया हे बाहुल्यांचे चारही प्रकार त्यात येतात. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या, चर्मबाहुल्या आणि चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या. परशुराम गंगावणे यांना २०२१मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा महाराष्ट्रातल्या अनेक शिक्षकांनी पिंगुळीचे नाव पहिल्यांदा ऐकले. त्याच्या कितीतरी आधी, दिल्लीत आंध्रच्या तोलू बोम्मलाटाशेजारी आणि राजस्थानच्या कठपुतळीशेजारी बाहुली करायला बसलेल्या मराठी शिक्षकाला ‘तुमच्याकडे काय आहे?’ हा प्रश्न विचारला जात होता. बाहुलीचा दुसरा फायदा शिकवण्याच्या अंगाने मोठा आहे. वर्गात एका मुलाने दुसऱ्याला जातीवरून चिडवले तर त्याला उभे करून झापण्याने काहीच होत नाही. तेच वाक्य बाहुलीच्या तोंडी घातले की सगळा वर्ग, चिडवणाऱ्यासकट, त्यावर बोलू लागतो.

परत जाताना शिक्षकाच्या शाळेला एक सांस्कृतिक संच विनामूल्य मिळे. त्यात रंगीत पारदर्शिका, ध्वनिफिती, मोठी छायाचित्रे आणि माहितीच्या पुस्तिका: वास्तू, शिल्प, नृत्य, संगीत, हस्तकला, वन्यजीवन. ऐंशीच्या दशकातल्या खेड्यातल्या शाळेला हा खजिनाच होता, एका अडचणीसह. पारदर्शिका दाखवायला प्रोजेक्टर लागतो, प्रोजेक्टरला वीज लागते. त्यामुळे अनेक ठिकाणी संच मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद राहिले. तपासणी आली की टेबलावर मांडायचे आणि पुन्हा आत. शाळेच्या मालमत्ता नोंदवहीत चढलेली वस्तू हरवली तर जबाबदारी शिक्षकाची, ही भीती आपल्या शाळांत कुठल्याही सांस्कृतिक उत्साहापेक्षा मोठी असते. जिथे छायाचित्रे भिंतीवर लागली तिथे ती मुलांनी वर्षानुवर्षे पाहिली. संचातला सर्वांत साधा भाग सर्वांत जास्त टिकला.

उदयपूर, हैदराबाद आणि गुवाहाटी येथे प्रादेशिक केंद्रे निघाली. मुख्यालय द्वारकेच्या सेक्टर ७मध्ये, जेव्हा त्या भागाला लोक अजून पप्पनकलां म्हणत त्या काळातल्या भूखंडावर, स्वतःच्या इमारतीत गेले. जिल्ह्या-जिल्ह्यांत ‘जिल्हा साधनव्यक्ती’ तयार करून त्यांच्याकरवी प्रशिक्षण खाली झिरपवण्याची व्यवस्थाही झाली. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सांस्कृतिक दृष्टिकोनाला स्वतंत्र परिच्छेद मिळाल्यावर संस्थेच्या कामाला धोरणाचा आधार आला. इथवरचा इतिहास वार्षिक अहवालांत सापडतो, म्हणून त्यावर रेंगाळत नाही.

रेंगाळावे अशी गोष्ट वेगळी आहे. दिल्लीतल्या मुलांना आणि शिक्षकांना वास्तूंच्या भेटीला नेण्याचा संस्थेचा उपक्रम पहिल्यापासूनचा. आता कुतुबच्या आवारात चाळीस मुले घेऊन उभे राहा. कुव्वत-उल-इस्लाम मशिदीचे खांब पाहा: घंटा, साखळ्या, कमळे. २७ मंदिरांचे साहित्य वापरल्याचे तिथलाच शिलालेख सांगतो. समोर गुप्तकाळातला लोहस्तंभ. मुले विचारतात, ‘हे कोणी पाडले?’ आणि वर्गात त्या वेळी फैझानही असतो, फाल्गुनीही असते. इथे शिक्षकाला दोन सोपे रस्ते असतात. एक, विषय टाळून मिनाराची उंची सांगणे. दुसरा, आपला राग मुलांच्या हवाली करणे. तिसरा रस्ता अवघड: जे झाले ते झाले असे स्पष्ट सांगायचे, राजांच्या लढाया आणि त्यांचे हिशेब त्या काळाचे म्हणून समजावायचे, आणि फैझानचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही हे मुलांना पटेपर्यंत थांबायचे. हा तिसरा रस्ता तीन आठवड्यांत शिकवता येतो का? येतो, पण त्यासाठी प्रशिक्षणाने भांडणाच्या जागेपाशी थांबायला हवे.

माझ्या मते सीसीआरटी तिथे पुरेशी थांबली नाही. तिच्या संचातली विविधता बहुतांशी देखणी आहे: नृत्याच्या मुद्रा, विणकामाच्या किनारी, मंदिरांची शिखरे. आपल्या शाळांतल्या स्नेहसंमेलनांत विविधतेत एकता म्हणजे नऊवारी, भांगडा आणि लुंगी एका रांगेत, ही जी समजूत पक्की झाली, तिला या देखणेपणाचाही थोडा हातभार लागला. सण आणि पोशाख वेगळे असले म्हणून कोणी कोणाचा द्वेष करत नाही. भाडेकरू ठेवताना आडनाव विचारले जाते, पाणी प्यायला वेगळा पेला दिला जातो, तिथे खरी अडचण असते.

या बाबतीत पुढे पाऊल टाकले ते दिल्लीतल्याच एनसीईआरटीने. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर सहावीसाठी ‘सामाजिक आणि राजकीय जीवन’ हे पुस्तक २००६मध्ये आले. पहिलाच धडा विविधता समजून घेण्याचा. त्यात पॉइली सेनगुप्ता यांची गोष्ट: सिग्नलवर वर्तमानपत्र विकणारा एक समीर, शाळेत जाणारा दुसरा समीर, आणि मेरठची दंगल. मेरठ, म्हणजे आपल्या घरापासून दोन तासांवर. दुसरा धडा विविधता आणि भेदभाव यांचा. त्यात १९०१ साली नऊ वर्षांचे भीमराव आंबेडकर वडिलांना भेटायला कोरेगावला निघतात आणि मसूर स्टेशनवर त्यांची जात कळताच कोणी गाडीवान त्यांना गाडीत घ्यायला तयार होत नाही. सातारा जिल्ह्यातले ते स्टेशन देशभरच्या सहावीच्या मुलांना कळले ते या पुस्तकामुळे. २०२४पासून सहावीला नवे पुस्तक लागले आहे आणि विविधतेतील एकतेचा धडा त्यात नव्या रूपात आहे. जुन्या पुस्तकातली ती दोन प्रकरणे प्रत्येक शिक्षकाने एकदा तरी वाचावीत.

आता पैशाकडे येतो, कारण संस्थांच्या इतिहासात ते पान बहुधा गाळले जाते. सीसीआरटीचा पैसा तीन वाटांनी खाली पोहोचतो. एक, प्रशिक्षणाचा खर्च. दोन, मुलांसाठीची सांस्कृतिक प्रतिभाशोध शिष्यवृत्ती, १९८२पासूनची. १० ते १४ वयाच्या मुलांना पारंपरिक कलांसाठी वर्षाला ३,६०० रुपये आणि गुरूच्या फीची मर्यादित भरपाई. परंपरेने कला करणाऱ्या घराण्यांतल्या मुलांसाठी त्यात राखीव जागा आहेत, ही विचारपूर्वक केलेली गोष्ट. तीन, प्रशिक्षण घेऊन उल्लेखनीय काम करणाऱ्या मोजक्या शिक्षकांना दरवर्षी पुरस्कार. या तिन्हींत एक वाट नाही: प्रशिक्षण संपवून गावी गेलेल्या साध्या शिक्षकाला पुढचा उपक्रम करण्यासाठी छोटी रक्कम. पुरस्कार काम झाल्यावर मिळतो. काम सुरू करायला लागणारे कार्डबोर्ड, कापड, एसटीचे भाडे शिक्षकाच्या खिशातून जाते.

सलोख्याच्या कामासाठी सरकारची आणखी एक यंत्रणा आहे. गृह मंत्रालयाच्या छत्राखाली फेब्रुवारी १९९२मध्ये दिल्लीत राष्ट्रीय जातीय सलोखा प्रतिष्ठान नोंदले गेले. दंगलीत पोरक्या झालेल्या मुलांना मदत आणि १९ ते २५ नोव्हेंबरच्या कौमी एकता सप्ताहात शाळा-महाविद्यालयांत कार्यक्रम हे त्याचे क्षेत्र. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली, त्यानंतर काय झाले हे सर्वांना माहीत आहे. सप्ताहातल्या निबंधस्पर्धांना बोल लावण्यात अर्थ नाही; आठवडाभराच्या उपक्रमाकडून वर्षभराची अपेक्षाही करू नये.

शिक्षकाच्या हाती थेट रक्कम देण्याचा मोठा प्रयोग आपल्या देशात एकदा झाला आहे. २००१च्या सर्व शिक्षा अभियानात प्रत्येक शिक्षकाला शैक्षणिक साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये शिक्षक अनुदान मिळे. रक्कम हास्यास्पद होती, त्यावर विनोदही भरपूर झाले. पण ती शिक्षकाच्या नावाची होती, आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या भिंतींवर, पताकांवर, शब्दपट्ट्यांवर ती दिसत असे. पुढे ते अनुदान गेले. २०१८पासूनच्या समग्र शिक्षा अभियानात पटसंख्येनुसार संयुक्त शाळा अनुदान येते, ते वीजबिल, दुरुस्ती, खडू-फळा यांतच संपते.

अमेरिकेत अलाबामातल्या माँटगोमेरी शहरी सदर्न पॉव्हर्टी लॉ सेंटर या संस्थेने १९९१मध्ये ‘टीचिंग टॉलरन्स’ उपक्रम काढला, २०२१पासून त्याचे नाव ‘लर्निंग फॉर जस्टिस’. नियतकालिक आणि साधने शिक्षकांना फुकट, आणि वर्गातल्या भेदभावावर उपक्रम करू पाहणाऱ्या शिक्षकांना ५०० ते १०,००० डॉलरची अनुदाने मिळत असत. अर्ज खुद्द शिक्षकाने करायचा. तिथला वंशभेद आणि इथला जातिभेद यांची गल्लत करायची नाही. पण शिक्षकाला आधी विश्वासाने पैसे द्यावेत, ही कल्पना उचलण्याजोगी आहे.

आज २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे कला-समावेशी शिक्षण, खेळण्यांतून शिक्षण हे शब्द पुन्हा चलनात आहेत. ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ योजनेत महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी आहे, त्यामुळे मराठी मुले ओडिया वाक्ये पाठ करतात. सीसीआरटीचे काही प्रशिक्षण ऑनलाइन झाले. खर्च वाचला, शेजारची खाट गेली. वर्ग प्रत्यक्षच घ्यावेत, आणि कमी घ्यावे लागले तरी चालतील, असे माझे मत आहे.

संस्थेने काय करावे हे सांगायला आपण कोणी नव्हे. पण दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुडगाव आणि फरीदाबाद इथल्या मराठी मंडळांना मी एक गोष्ट जरूर सुचवीन. आपले गणेशोत्सव आता थाटात होतात. प्रत्येक मंडळाने त्यातून ५,००० रुपयांची दोन अनुदाने बाजूला काढावीत. ती आपल्या परिसरातल्या कोणत्याही शाळेच्या, कोणत्याही भाषेच्या शिक्षकाला द्यावीत. अट एकच: एरवी एकत्र न बसणारी मुले त्या उपक्रमात एकत्र काम करतील. अर्ज एक पान, हिशेब एक पान. जमा-खर्चाच्या अहवालात ही नोंद पुढच्या वर्षीपासून दिसावी, अशी विनंती आहे.